सात हिरवे दिवस

सकाळी साडेसहाला मोनालीनं चहा रणजितसमोर ठेवला, आपल्या मनगटातलं कडं काढलं आणि त्याच्या मनगटात चढवलं. कड्यावर हिरवा ठिपका होता. सड्याच्या उघड्या पठारावरच्या पवनचक्कीवर चढायला तेवढा पुरेसा होता.

कंपनीच्या कागदांत या कड्याला मनोमापक म्हणत. कामगार मनकडं म्हणायचे. नाडी, घाम, कातडीची ऊब यांवरून ते मागच्या बारा तासांतलं मन ओळखायचं. शांत माणूस हिरवा, बिथरलेला पिवळा. सकाळी फाटकावर ते दाखवून जमा करायचं, संध्याकाळी परत न्यायचं. पिवळ्यानं वर चढायचं नाही. तीन आठवडे पिवळा, की काम गेलं.

त्याच्या जोडीला काम करणारा ओंकार पात्यावरून पडला तो रणजितसमोर. त्या दिवसापासून रणजित पिवळा.

त्यानं काय नाही केलं?

श्वास मोजले. चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. पिवळा.

वहीत रोज तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या. चौथ्या दिवशी तिन्ही ओळी ओंकारच्या निघाल्या.

गवतात अनवाणी चालला. पिवळा. रामरक्षा. पिवळा.

अठराव्या दिवसापासून घरी आल्यावर तो कडं मोनालीच्या हातात सरकवू लागला. घरात शांत तीच. आमच्या सूनबाईचा आवाज कधी शेजारी गेला नाही, असं त्याची आई गावभर सांगायची. कडं कुणाच्या हातात आहे हे कड्याला कळत नव्हतं. हात आहे एवढंच कळायचं.

हिरवा.

हिरवा.

हिरवा.

लग्न केलं ते कामी आलं, असं तो एकदा म्हणाला, तेव्हा ती हसल्यासारखी झाली.

त्यानंतर आठव्या दिवशी फाटकावर दिवा हिरवाच लागला, पण कंपनीच्या डॉ. तांबोळींनी त्याला आत बोलावलं. फाटकाला नुसता रंग कळतो. आठवड्याची रेघ डॉक्टरांकडे जाते. त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. रेघ सरळ होती.

"छान आहे की," रणजित म्हणाला.

"माणूस जेवला तरी इथं टेकाड उठतं. कुणी हाक मारली तरी उठतं. मंगळवारी रात्री भूकंपाचा धक्का बसला, सगळ्या सड्याच्या रेघा उसळल्या. तुमची हललीसुद्धा नाही."

असं मन विझत आलेलं असतं, अशा माणसाला आम्ही एकटं सोडत नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. जिल्ह्याच्या इस्पितळात खाट सांगून ठेवली होती. त्याला न्यायला दाराशी दोघं उभे होते. जीव द्यावासा वाटतो का, असं त्यांनी सरळच विचारलं. रणजित नाही म्हणाला. नाहीच म्हणतात, डॉक्टर म्हणाले आणि लिहू लागले.

मंगळवारी. धक्का बसला तेव्हा तो आईला ओढत अंगणात पळाला होता. मोनाली आत भाकरी थापत राहिली. त्यानं तिला धीराची म्हटलं होतं.

आई कालच लेकीकडे गेली होती. घरात आता मोनाली एकटी.

खरं बोललं तर काम जाणार. नाही बोललं तर ही सगळी माणसं त्याच्यावर पहारा देत बसणार, आणि तिच्यापाशी कुणीच नसणार. कागदावर डॉक्टरांनी त्याचं नाव लिहिलं होतं.

"खोडा ते," तो म्हणाला. "हात माझा नव्हता. बायकोचा होता."

डॉक्टरांनी गाडी काढायला सांगितली. ती कधीपासून अशी आहे, असं त्यांनी जिना उतरता उतरता विचारलं. रणजित आठवत राहिला. पूर्वी ती एकदा खूप रागावली होती, ताट सरकवून उठली होती. कशावरून, ते काही आठवलं नाही.

गाडीतून त्यानं फोन लावला. तो वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिनं उचलला.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे की. का?"

"घरातच थांब. डॉक्टरांना घेऊन येतोय. कड्यात तुझं मन दिसलं त्यांना. बरं करतील तुला."

पलीकडे नळ वाहत होता. तिनं तो बंद केला.

"अहो," ती म्हणाली, संध्याकाळी भाजी कुठली करू असं विचारावं तशी, "मी बरी झाले, तर सकाळी तुम्हाला हिरवा कुणी द्यायचा?"