जरा ‘आ’ करशील का?

तो हसला आणि मी जागच्या जागी खिळले.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये तमालेच्या, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या वड्यांच्या, गाडीपाशी रांग होती. पाऊस नुसता भुरभुरत होता, धड छत्री उघडावी असाही नाही. माझ्या पुढचा उंच मुलगा गाडीवाल्या मावशींची चेष्टा करत होता, आणि मध्येच मागे वळून माझ्याकडे बघून हसला... तुम्हाला वाटेल, मी त्या हसण्यावर भाळले. छे हो! मी भाळले त्याच्या खालच्या दातांवर. केवढं ते कीटण! पिवळं, जाडजूड, दातांमधल्या फटी बुजवून टाकणारं. मला आनंदाने रडू यायचंच काय ते बाकी होतं.

“जरा ‘आ’ करशील का?” मी विचारलं.

“काय?”

“आ. तोंड उघड. खालचे दात बघायचेत, आतल्या बाजूने.”

तो मागे सरकला. “अहो, मी फक्त तमाले घ्यायला आलोय.”

“घे की. पण तुझ्यासारखा माणूस मी कधीपासून शोधतेय रे!”

मावशी गाडीतून ओरडल्या, “अरे, उघड की तोंड! एवढी देखणी पोरगी मागतेय, तर भाव काय खातोस?”

त्याने उघडलं. रांगेतले सगळे हसत होते आणि मी मोबाइलचा उजेड पाडून एका परक्या माणसाच्या जबड्यात डोकावत होते.

मी अरासेली मोन्तेहानो. अमेरिकेतल्या आमच्या याकिमा खोऱ्यातल्या कम्युनिटी कॉलेजात मी दातांच्या सफाईचा कोर्स करत होते. शेवटची परीक्षा लांब स्पोकेन शहरात, आणि तिचा नियम असा तऱ्हेवाईक, की रुग्ण आपला आपण घेऊन जायचा. तोही साधासुधा नाही, भरपूर कीटण असलेला. कमी भरलं तर परीक्षक त्याला दारातूनच परत पाठवणार. आमच्या वर्गातल्या मुली लग्नात, चर्चमध्ये, बसमध्ये लोकांच्या तोंडात डोकावत हिंडायच्या. एका दवाखान्यात माझी नोकरी ठरली होती, पण पास झाले तरच. नाहीतर आईच्या शेजारी पॅकिंग शेडमध्ये, सफरचंदांच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं. “तुझे पाय माझ्यासारखे सुजू नयेत, दुसरं काही मागत नाही मी,” असं आई म्हणायची.

हा लाझारो किन्तेरो, आमच्याच कॉलेजात शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायला शिकत होता. परीक्षेला रुग्ण न्यावा लागतो एवढं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “येतो स्पोकेनला. पण तोपर्यंत रोज दुपारी माझ्याबरोबर जेवायचं.”

“रोज? का म्हणून?”

“तोंड माझं आहे ना? मग अट पण माझी.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. आमच्या मिसेस लिंडक्विस्ट बाईंनी त्याच्या दातांचे फोटो बघितले, आत आरसा घातला आणि टाळीच वाजवली. “अप्रतिम! काय घाण आहे! अरासेली, सांभाळ याला, नाहीतर दुसरी कुणी पळवेल.” आ वासलेला लाझारो कानापर्यंत लाल झाला. बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “आणि हे बघ, रुग्ण म्हणजे रुग्ण. बाकी काही नको.”

बाकी काही नाहीच, बाई! असं मी अगदी मनापासून म्हटलं होतं...

पण रोज दुपारी जेवायचं म्हणजे काय कमी असतं? तो संत्रं सोलून निम्मं माझ्याकडे सरकवायचा. त्याच्या हातांना यंत्राच्या तेलाचा वास असायचा. सफरचंदं महिनोन्‌महिने ताजी कशी राहतात ते सांगताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. “थंड खोलीतल्या हवेतला प्राणवायू काढून घेतला ना, की ती झोपतात. मी त्यांना झोपवतो. उठवायला मात्र दुसरं कुणी येतं,” म्हणायचा. मी ऐकत राहायचे — आणि ऐकता ऐकता त्याच्या तोंडात बघायचे. सवयच लागली होती. एकदा बाकावर तो बराच जवळ सरकला. इतका, की त्याचा श्वास माझ्या गालाला लागला. डोळे मिटणारच होते मी, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, “हलू नकोस, उजवीकडचं काय झक्क दिसतंय!”

बिचारा मागे सरकून संत्रं सोलायला लागला.

परीक्षा शनिवारी. गुरुवारी दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, माझ्यासमोर बसला आणि तोंडभरून हसला.

पांढरेशुभ्र! एकूण एक दात!

“हे... हे काय केलंस?”

“साफ करून आलो. काल, डॉक्टरकडे जाऊन. कसे दिसतात?”

“अरे गाढवा! साफ तर मी करायचे होते!”

“उरलंसुरलं तू कर की. आमच्याकडे पाहुण्यांकडे जायचं तरी अंगण झाडून निघतात. मी परीक्षकांसमोर तसाच जाऊन बसू? तुझी मान खाली जाईल म्हणून मी—”

“मान? माझी नोकरी गेली, लाझारो! काहीच उरलं नाहीये तुझ्या तोंडात, मी खरवडू काय, कपाळ?”

त्याचा चेहरा पडला. परीक्षेपर्यंत दातांना हात लावायचा नाही, ही सांगायची गोष्ट मी सांगितलीच नव्हती. आम्हा दातवाल्यांना ती इतकी उघड वाटते, की सांगायचं सुचतच नाही. पण तेव्हा मला माझी चूक कुठली दिसायला! मी ओरडतच होते. तो खाली बघत म्हणाला, “रोज तू माझ्याकडे बघायचीस आणि म्हणायचीस, काय मस्त घाण आहे. मला एकदा... एकदाच स्वच्छ तोंडाने तुझ्यासमोर बसायचं होतं, अरासेली.”

“जा तू इथून,” मी म्हटलं.

तो गेला. मी घरी जाऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. नोकरीसाठी रडत होते, असं आईला सांगितलं. निम्मं खोटं होतं ते.

शुक्रवारी सकाळी कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात एक दणकट म्हातारा उभा. टोपी दोन्ही हातांत चुरगाळलेली. “मी अर्नुल्फो किन्तेरो,” ते म्हणाले. “त्या गाढवाचा बाप. काल आमच्या साऱ्या गोदामभर हिंडला. माल चढवणाऱ्या एकेकाला म्हणतोय, तोंड उघड, तोंड उघड! लोकांना वाटलं, पोराला भूत लागलं. शेवटी माझ्याकडे आला.”

“आणि तुम्ही तयार झालात, डॉन अर्नुल्फो?” मी विचारलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मानाने ‘डॉन’ म्हणतात.

“तयार कसला! सुई बघितली की मला घेरी येते. जन्मात दातवाल्याची पायरी चढलो नाही. पण पोरगा जेवेना, पोरी. समोर ताट आणि हा भिंतीकडे बघतोय. बाप काय करणार?” असं म्हणून त्यांनी डोळे गच्च मिटले आणि ‘आ’ केला.

मिसेस लिंडक्विस्ट बाईंनी आत डोकावून बघितलं. मग खुर्चीच्या पाठीला धरून हळूच म्हणाल्या, “अरे देवा. हे तर मुलाहून सरस!”

स्पोकेनमध्ये परीक्षकांनी डॉन अर्नुल्फोंना बघताक्षणी आत घेतलं. मी काम करत होते आणि ते डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. मध्येच त्यांनी माझी बाही पकडली. मी थांबले, म्हटलं, “दुखतंय का?” तर मान हलवून नाही म्हणाले, आणि बाही तशीच धरून ठेवली. मला एकदम माझे गेलेले बाबा आठवले. डोळे भरून आले, पण मी काम चालू ठेवलं.

आज त्या कॉलेजच्या व्हरांड्यात आमचे फोटो आहेत. माझ्या फोटोखाली लिहिलंय की मी बागांमध्ये राबणाऱ्यांसाठी दातांचे फिरते दवाखाने चालवते. लाझारोच्या फोटोखाली लिहिलंय की अर्ध्या खोऱ्याची शीतगृहं त्याची कंपनी सांभाळते. नवी मुलं तिथे थांबून वाचतात, कुणी मला भाषणाला बोलावतं, आणि मी जिद्द, मेहनत वगैरे बोलून येते. ते खरंच आहे म्हणा. पण त्या शनिवारी संध्याकाळी मला यातलं काय ठाऊक? निकालाला अजून अवकाश होता, बोटं आखडली होती, आणि डॉन अर्नुल्फो रुमालात तोंड धरून म्हणत होते, “तो बाहेर गाडीत बसलाय. म्हणतो, मी समोर आलो तर तिचं आणखी काही बिघडेल.”

मी गेले. तो मला बघून घाईघाईने गाडीतून उतरला, दाराला डोकं आपटलं.

“झालं?” त्याने विचारलं.

“झालं.”

“पास होशील ना?”

“कळेल निकाल लागल्यावर. नाही झाले तर पुन्हा घाणेरडे दात शोधत फिरायचं, दुसरं काय!”

त्याने मान खाली घातली. “माझे आता काही उपयोगाचे नाहीत तुला...”

“नाहीतच मुळी. रुग्ण म्हणून तू कामातून गेलास, लाझारो.” मी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. त्याचे कान लाल झाले होते. “बरं झालं. रुग्णाच्या तोंडाकडे नुसतं बघावं लागतं. सारखं बघून बघून जीव गेला माझा!”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. हुशार आहे, पण अशा बाबतीत जरा मंदच. मग त्याने हळूच विचारलं, “मग आता... काय करू मी?”

“आता?” मी त्याची कॉलर धरली. “आता तोंड मिट.”