कप्तानानं हलवलेला हात

"उद्या सकाळी निघताय ना तुम्ही सगळे? कड्यावरून चालायचं, मग बोटीतून परत. छान. पायांत चांगले बूट घाला. आणि झोपायच्या आधी एक ऐका."

"मामा, भुताची आहे का?" भाचीनं विचारलं.

"ते तू ठरव. मी घडलं तेवढं सांगतो. आणि सारखं 'मग? मग?' करू नकोस. माझी गाडी मुळातच हळू चालते."

माझा साडू. तुमच्या मामीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. समुद्राकाठच्या एका राष्ट्रीय उद्यानात बोट चालवायचा. सहा हात लांबीची होडी असो की साठ हातांची, तिचं सुकाणू धरलं की ह्याची मान ताठ. म्हणून सगळे त्याला थट्टेनं कप्तान म्हणायचे. तोही ओ द्यायचा.

नोव्हेंबरची सत्तावीस तारीख, बुधवार. हंगाम संपला होता. लांबच्या किनाऱ्यावर माणसांना चढायला-उतरायला लाकडी शिडी लावतात, ती तिथंच राहिली होती. साहेब म्हणाले, "कप्तान, ती शिडी आणा, नाहीतर एक दिवस समुद्र घेऊन जाईल." जाऊन-येऊन अडीच-तीन तासांचं काम. पण कप्तान सकाळी गेला नाही. दुपारीही नाही. दोरच गुंडाळत बसला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, शिडीच आणायची आहे ना? की डोंगर आणायचाय?" तेव्हा पाच वाजता उठला.

त्याला तिकडं जायचं नव्हतं. का, ते सांगतो.

त्या उद्यानात रीत अशी. सकाळी बोट माणसांना एका टोकाला सोडते. माणसं कड्यावरच्या पायवाटेनं पाच तास चालतात आणि दुसऱ्या टोकाला, त्या लांबच्या किनाऱ्यावर उतरतात. चार वाजता बोट तिथून उचलते. सकाळी जितकी डोकी, तितकी संध्याकाळी. कप्तान डोकी मोजायचा. तोंडं बघायचा नाही. वीस वर्षं डोकीच मोजली, कधी चुकली नाहीत.

सप्टेंबरात एका शनिवारी अकरा माणसं सोडली. त्यात एक म्हातारे होते, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. काटकुळे, पायानं जरा अधू. सगळे त्यांना गुरुजी म्हणत होते. संध्याकाळी किनाऱ्यावरून माणसं चढली. कप्तानानं मोजली. अकरा. त्यांच्याबरोबर चालणाऱ्या गाईड मुलीनं मोजली. अकरा. निघाले.

पण त्या अकरात एक बाई दुसऱ्याच वाटेनं चालत आलेली होती. टाचा सोललेल्या. बोट दिसली, रांगेत शिरली, बसली. कुणाला विचारलं नाही, कुणी तिला विचारलं नाही. डोकी बरोबर. माणूस चुकला.

आणि बोट वळली तेव्हा कप्तानानं मागं पाहिलं. खडकावर कुणीतरी उभं होतं. हात हलवत होतं. ह्याच्या मनात पाल चुकचुकली. पण मोजणी तर बरोबर होती. घरी चहा वाट बघत होता. बाकी काही नाही, नुसता चहा. "असेल कुणी फिरायला आलेलं," म्हणून ह्यानं काय केलं? ह्यानंही हात हलवला. हसून. आणि बोट दामटली.

धक्क्यावर गुरुजींची मुलगी गाडी घेऊन थांबली होती. एकेक माणूस उतरला. ती म्हणाली, "आणि माझे बाबा?"

परत गेले तोवर भरती चढली होती. खडक पाण्याखाली. तिसऱ्या दिवशी गुरुजी सापडले.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, "कप्तान, निघताना किनाऱ्यावर कुणी होतं?"

"नाही साहेब. कुणी नव्हतं."

झालं. म्हणजे गुरुजी किनाऱ्यापर्यंत पोचलेच नव्हते, गाईडनं त्यांना वाटेतच सोडलं, असं ठरलं. तिनं मागं चालायचं असतं. ती पुढं एका मुरगळलेल्या पायाला हात द्यायला गेली होती. पोरगी रडून सांगत होती, "शेवटच्या वळणावर मी त्यांना पाहिलंय. खाली सरळ वाट आहे. ते आलेच असणार." कुणी ऐकलं नाही. तिची नोकरी गेली. तेवीस वर्षांची पोर. लोक तिला तोंडावर विचारायचे, "म्हातारं माणूस टाकून आलीस?"

कप्तान खाली मान घालून ऐकायचा. त्याला एकच गोष्ट छळायची. हात हलवला नसता तर गुरुजी कदाचित कड्यावर परत चढले असते. पण बोटवाल्यानं हात केला. म्हणजे त्यानं आपल्याला पाहिलं. म्हणजे तो येणार… म्हणून ते तिथंच थांबले. पाणी गुडघ्याला लागलं तरी थांबले असतील.

तर, बुधवार. पोचायला सहा वाजले. उजेड नावापुरता. शिडी वाळूत रुतली होती, ती हलवता हलवता काळोख झाला. सहा चाळीसला त्यानं शिडी बोटीत टाकली. इंजिन चालू केलं. मनात म्हणाला, मागं बघायचं नाही.

वळताना बघितलंच.

खडकावर माणूस होता. हलवत नव्हता हात. नुसता वर धरून उभा होता. कधीचा.

ओहोटी होती. वारा नव्हता. कप्तानाला पळायचं होतं. पण त्याचा उजवा हात… तो त्यानं मला दाखवला, असा… तो हात आपोआप वर जायला लागला. त्यानं डाव्या हातानं तो धरून खाली दाबला.

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा नाही."

आणि बोट वळवली. मागं. खडकाकडं.

जवळ गेला. खडकावर कुणी नव्हतं.

इंजिन बंद केलं. पाणी खडकाला चाटत होतं, तेवढाच आवाज.

"गुरुजी…"

त्यानं बोट खडकाला टेकवली.

"गुरुजी, उशीर झाला मला. चला."

मग त्याच्या तोंडून सवयीनं आलं. प्रत्येकाला सांगायचा तेच. "जपून पाय टाका. लाईफ जॅकेट घाला. मधोमध बसा."

बोट एका बाजूला कलली.

जड माणूस नाही. काटकुळा माणूस चढला तर कलते, तेवढीच. मग सरळ झाली. पुढचं फळकूट करकरलं.

कप्तानानं वर पाहिलं नाही. पायाशी बघत सुकाणू धरलं. इंजिन चालू केलं. पुढं काळोख. पुढं… कुणीतरी बसलेलं.

अर्ध्या वाटेवर त्याला राहवलं नाही.

"मी तुम्हाला बघितलं होतं."

बोट चालत होती.

"बघितलं होतं, गुरुजी. हात केला. थांबलो नाही. चहासाठी. आणि नंतर खोटं बोललो."

त्यानं सुकाणू घट्ट धरलं.

"त्या पोरीचं काही चुकलं नाही. मी सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

पुढून नुसता कुणाचा तरी श्वास. दमलेल्या माणसाचा. मग तोही…

बोट धक्क्याला लागली. पुढचा भाग हलकेच वर उचलला गेला, कुणी उतरल्यासारखा. बास.

कप्तान दोर नीट बांधायचा विसरला. भिजल्या पायांनी थेट साहेबांच्या दारात. साहेब जेवत होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "फाईल बंद झालीय, कप्तान. घरी जा. तुमची बोट जाईल अशानं."

"जाऊ दे. लिहून घ्या."

"कप्तान—"

"साहेब, लिहून घेतल्याशिवाय मी ह्या पायरीवरून उठणार नाही."

लिहून घेतलं. बोट गेली. पोरीला परत बोलावणं आलं. ती कामावर जायच्या आधी ह्याच्या घरी आली. हा दारातच हात जोडून उभा राहिला. ती म्हणाली, "काका, हात जोडू नका. दोन महिने माझ्या आईनं शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. ते मला विसरता येणार नाही." आणि गेली. माफ केलं नाही तिनं. करावं असंही नाही. साडू म्हणाला, "बरोबर बोलली." आणि ढसाढसा रडला.

आता राहिलं एकच. दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी, बोट ताब्यात घ्यायला माणूस आला. हंगाम संपल्यावर सगळी जॅकेटं पेटीत घालून वर कुलूप असतं. कुलूप तसंच होतं. पण पुढच्या फळकुटावर एक जॅकेट बसवल्यासारखं उभं होतं. तिन्ही बकलं लावलेली. पट्टे आवळलेले, अगदी काटकुळ्या माणसाच्या मापाला. पेटीतली मोजली तर पूर्ण भरली. हे एक जास्तीचं होतं.

त्या माणसानं ते घेतलं नाही. साडूच्या घरी खुंटीवर आहे. बकलं कुणाकडूनच सुटली नाहीत. मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा मी गळ्याच्या बाजूनं आत हात घातला. खोली गार होती. बाहेरचं कापड गार होतं.

आत… ऊब होती. आत्ताच कुणाच्या तरी अंगातून निघाल्यासारखी.