पुलावरचा पाव तास

शनिवारी रक्सौलला जाऊन येण्यात काय काय मिळणार, याची यादी सर्जेराव मोहिते शुक्रवारीच मनाशी करून ठेवत. शाळूचं पीठ चार किलो. कांदा-लसूण चटणीची बरणी. कारळ्याची चटणी, बांधणाऱ्याच्या मर्जीनुसार पाव ते अर्धा किलो. हे सगळं गावाकडून आठवड्याच्या गाडीने यायचं. त्या गाडीत बिछाने वाटणारा त्यांचा चुलतभाऊ रक्सौल स्टेशनात पिशवी हातात द्यायचा. शिवाय बायकोचा दिवसभराचा हसरा चेहरा, जो बीरगंजात दुपारच्या झोपेनंतर जेमतेम अर्धा तास मिळे. आणि वर, अगदी फुकट, पंधरा मिनिटं.

नेपाळचं घड्याळ भारताच्या पाव तास पुढे असतं. बीरगंजातून नऊला निघून सिरसिया नदीचा पूल ओलांडला की पलीकडे पावणेनऊच. सर्जेराव पुलावर थांबून मनगटावरचा काटा मागे ओढत आणि मिशीत हसत. "बघ शालन, कुणाचं काय घेतलं न्हाई, न मागता मिळालं."

"आन् संध्याकाळी परत देऊन येताय," शालनताई म्हणत. "सव्वीस वर्सं झाली. त्यो पाव तास घरात आलेला काय मी बघितला न्हाई."

सव्वीस वर्षांपूर्वी सर्जेराव विट्याजवळच्या गावातून बीरगंजला आले ते गलाईच्या धंद्यासाठी. सराफ जुने दागिने आणून देणार, हे मुशीत घालून वितळवणार, तेजाबात टाकून सोनं वेगळं करणार, टंच काढून देणार. शंभरात सोनं किती आणि खोट किती, तो टंच. पण खरी हुशारी केरात होती. सराफाच्या दुकानातली झाडलोट, पायपुसणी, हात धुतल्याचं पाणीसुद्धा सर्जेराव घेऊन येत आणि त्यातून कण काढत. गावाकडे या कामाला झारेकऱ्याचं काम म्हणतात. लोक ज्याच्यावर पाय देऊन जातात त्याची किंमत झारेकऱ्याला कळते. तेजाबाच्या धुराने सर्जेरावांचं नाक मात्र केव्हाच गेलं होतं. आमटी करपली तरी त्यांना शेजारणीकडून कळे.

पुलाच्या मधोमध श्वासकमान उभी होती. पाच वर्षांपूर्वी तापाची साथ आली तेव्हा बीरगंजात तिला रक्सौली ताप म्हणत आणि रक्सौलात नेपाळी ताप. माणसं दोन्हीकडे सारखीच गेल्यावर दोन्ही सरकारांनी एक मंडळ नेमून ही कमान बसवली. दिसायला देवळाच्या दारासारखी. आतल्या बाजूने केसापेक्षा बारीक गंधतारा. खालून जाताना माणूस एकदा श्वास सोडतो, त्यातले हजारभर वायू या तारा टिपतात आणि पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ उमटते. ती श्वासरेषा. प्रत्येक आजार त्या रेषेवर आपापल्या जागी उंचवटा काढतो. दिवा हिरवा लागला की जा, लाल लागला की थांबा.

पहिल्या वर्षी कमान सगळेच आजार नावानिशी सांगायची. मग एका बस कंपनीने सहा ड्रायव्हर काढून टाकले, दोन ठरलेली लग्नं मोडली, विम्याचे दलाल कमानीपाशी खुर्च्या टाकून बसू लागले. मंडळाने नियम केला: कमानीने फक्त तीन साथीचे ताप ओळखायचे, बाकी रेषा म्हणजे अवशेष. तो कुणी वाचायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, रोज संध्याकाळी पुसून टाकायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याचं नाव यंत्राने विचारायचं नाही. नियम चांगला होता, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

दिवसपाळीला कमानीवर निर्जला साह बसे. बीरगंजचीच, भांगात लांब शेंदूर, अंगात मंडळाचा पांढरा कोट. मोहिते नवरा-बायकोशी ती भोजपुरीत बोले आणि त्यांना मराठाचाचा आणि चाची म्हणे. यंत्राला नावं माहीत नव्हती, पण निर्जलाला होती.

त्या शनिवारी गाडीला उशीर झाला. पिशवी घेऊन दोघं धापा टाकत कमानीखालून आले आणि त्यांच्या पाठोपाठ आडवा दांडा खाली आला. निर्जलाची पाळी नेपाळी पाचला संपे. भारताकडचा माणूस भारतीय पाचला हजर होई. मधली पंधरा मिनिटं कुणाचीच नव्हती; दांडा खाली, यंत्र गप्प, दोन्हीकडे माणसं शिव्या देत चहा पीत. निर्जलाने मात्र यंत्र ताब्यात देईपर्यंत बसून राहायचं. त्या वेळेचा पगार नव्हता, कारण ती वेळ कुठल्याच देशाच्या हजेरीपटात नव्हती.

"मग पाव तास करतेस काय गं?" सर्जेरावांनी विचारलं.

"झाडू मारते, चाचा. दिवसभराचा कचरा यंत्रात साठून असतो. भारताचे पाच वाजले की पुसला जातो."

कचरा म्हटल्यावर सर्जेरावांचे कान टवकारले. धंद्याची सवय. "कोण नेतं?"

"काय?"

"केर. कोण नेतं तो? कुणीतरी नेत असेल की. इतका केर कुणी फुकट टाकून देत नाही."

निर्जला हसायला लागली आणि मधेच थांबली. तिने दांड्यापलीकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आन् माझा टंच काढ बघू," सर्जेराव रंगात आले. "तेजाबाचा धूर पिऊन छाती किती शिल्लक राहिली, सांग एकदाचं. या बाईला पुढची तयारी करायला बरं."

"तुमचा खोकला जुना आहे चाचा, पण खोकलाच आहे." निर्जलाचा आवाज खाली आला. "चाची, तुम्ही जरा आत या."

टेबलाच्या खणातून तिने वाण्याच्या दुकानात मिळते तशी लाल वही काढली. पानावर पेन्सिलीने काढलेल्या सात रेघा, एकीखाली एक. सात शनिवार. वरच्या रेघेवर उजवीकडे तिळाएवढा उंचवटा, सातव्या रेघेवर तो मुगाएवढा. मग तिने पडद्यावर आजची रेषा आणली. उंचवटा तिथेच होता, आणखी थोडा वर. शेजारी यंत्राने इतकंच लिहिलं होतं: अवशेष क्रमांक नऊ.

"यंत्राला याचं नाव माहीत आहे, पण त्याला बोलायची मनाई आहे," निर्जला म्हणाली. "मी पहिल्या वर्षी शिकले, तेव्हा मनाई नव्हती. हे स्वादुपिंड आहे, चाची. जठराच्या मागे असतं. दुखायला लागेपर्यंत कळत नाही, आणि दुखायला लागल्यावर कळून उपयोग होत नाही. पाटण्याला जा. तपासा म्हणून हट्ट धरा. मी सांगितलं असं मात्र कुणाला सांगू नका."

शालनताईंनी पिशवी खाली ठेवली. "मला कायसुदिक होत न्हाई," त्या मराठीतच म्हणाल्या आणि सर्जेरावांकडे अशा बघू लागल्या, जणू हे त्यांनीच पुलावरून उचलून आणलं होतं.

सर्जेरावांनी वही उचलली. हातात वही आली की पान उलटायचं, एवढं त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. पुढच्या पानांवर आणखी रेघा होत्या. कुठेच नाव नव्हतं, कोपऱ्यात नुसत्या खुणा: बाई, निळी छत्री, शुक्रवार. टांगेवाला, पांढरा घोडा. चष्म्याला दोरा. अशी अकरा पानं.

"ही माणसं कोण?"

"माहीत नाही. नावं ठाऊक नसलेली." तिने वही ओढून घेतली. "परक्या माणसाला हाक मारून काय सांगू? तुमच्या बाबतीतही सात आठवडे मी स्वतःला बजावत होते, आपण काही पाहिलंच नाही."

"मग आज का सांगितलंस?"

"आज तुम्ही विचारलंत. कचरा कोण नेतं, हे पाच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

भारताचे पाच वाजले. पडदा कोरा झाला.

पाटण्याच्या डॉक्टरांनी आधी दोघांना हसून परत पाठवायचा विचार केला. सर्जेराव हटले नाहीत. तिसऱ्या तपासणीत हरभऱ्याहून लहान गाठ दिसली. शस्त्रक्रियेत ती निघाली. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, "दुखत नव्हतं, भूक नीट होती, मग आलात कशावरून?"

"बायकोचा स्वभाव एकाएकी गोड झाला," सर्जेराव म्हणाले. "भीती वाटली."

तीन महिने शनिवार बुडाले. या तीन महिन्यांत शालनताईंनी गावाकडे निरोप धाडून एक हिरवा खण मागवून घेतला. त्याचं काय करायचं, ते नवऱ्याला सांगितलं नाही. बायका असल्या गोष्टी नवऱ्याला विचारून करत नाहीत.

पुन्हा निघाले त्या पहिल्या शनिवारी सकाळी कमानीपाशी गर्दी होती. मंडळाचे एक साहेब राजधानीहून पाहणीला आले होते. दिवा हिरवा लागला. शालनताई पुढे गेल्याच नाहीत. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, खण काढला, हळकुंड, ओंजळभर तांदूळ, आणि निर्जलासमोर उभ्या राहिल्या.

ओटी कशाला म्हणतात, हे निर्जलाला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिच्या माहेरी याला खोइँछा म्हणतात. लेक सासरी निघाली की आई तांदूळ-हळद पदरात घालते. तिला नियमही माहीत होता: प्रवाशाकडून काहीही घ्यायचं नाही. तिने एकदा साहेबांकडे पाहिलं. ओटी भरायला उभ्या असलेल्या बाईला नको म्हणणं तिला जमलं नाही. अंगावर पदर नव्हता, म्हणून तिने पांढऱ्या कोटाचे दोन्ही सोगे धरून पसरले.

"हे काय चाललंय?" साहेब पुढे आले. त्यांच्या शहरातल्या पद्धती निराळ्या होत्या. "कसल्या कामाचं हे देणं?"

मानलेली पुतणी आहे, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. सर्जेरावांनी बायकोच्या पायावर पाय दिला. पण शालनताईंनी पाय काढून घेतला, आणि उपकाराची गोष्ट निघाली की त्यांचा आवाज दुप्पट होई.

"जीव वाचवला हिनं माझा!" त्या अख्ख्या पुलाला ऐकू जाईल अशा भोजपुरीत म्हणाल्या. "डॉक्टरला दिसलं नव्हतं, ते हिला दिसलं!"

त्याच दुपारी लाल वही सापडली.

चौकशीला सर्जेरावांनी आपणहून हजेरी लावली. "साहेब, केराला मालक नसतो," त्यांनी सांगून पाहिलं. "सराफ टाकतो, झारेकरी गाळतो. चोरी म्हणत नाहीत त्याला."

"आणि हीच वही विम्याच्या दलालाच्या हातात पडली असती तर?" साहेबांनी विचारलं. साहेब वाईट माणूस नव्हते.

उत्तर निर्जलानेच दिलं. "बरोबर आहे तुमचं. नियम काढू नका. पण मला चाचीचं नाव माहीत होतं. नाव माहीत असल्यावर काय करायचं, ते नियमात लिहिलेलं नाही."

तिला कामावरून काढलं. वही मोहोर लावून कपाटात गेली. त्यातलं काहीही कुणाला सांगणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं, आणि पुलावर यायला वर्षभर बंदी घातली. आता ती भावाच्या कापडाच्या दुकानात बसते. शालनताई तिच्यासमोर रडल्या, तेव्हा तिनेच त्यांना चहा पाजला. "खोइँछा परत करत नसतात, चाची. तांदळाची खीर केली मी. चांगली झाली."

सर्जेरावांकडून मात्र काही लिहून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी अकरा पानं उलटली होती. चारच आठवत होती. त्यातला पांढऱ्या घोड्याचा टांगेवाला त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात गाठला. आधी तो शिव्या देत अंगावर धावून आला, महिन्याभराने तपासणी करून घोड्यासकट घरी येऊन पाया पडला. राहिली तीन.

निळी छत्री शुक्रवारची, म्हणून आता गलाईची भट्टी शनिवारप्रमाणे शुक्रवारीही बंद असते. नवरा-बायको पूल ओलांडतात आणि पलीकडच्या टोकाला, नव्याने मिळालेला पाव तास घेऊन उभे राहतात. सर्जेराव काटा मागे ओढतात, पण हल्ली हसत नाहीत.

"फुकट न्हवता गं त्यो," एकदा ते म्हणाले. "आपण हितं घेत हुतो, आन् संध्याकाळी ती पोरगी तिथं बिनपगारी बसून भरत हुती."

"कळलं म्हणायचं सव्वीस वर्सांनी," शालनताई म्हणाल्या. त्यांची नजर गर्दीवर होती.

आता बेरीज सोपी आहे. शालनताईंना वर्षं मिळाली, किती ते कुणी मोजू नये. सर्जेरावांना शालनताई मिळाल्या. टांगेवाल्याला सावधपणा मिळाला, मंडळाला शिस्त. भरलं सगळं निर्जलाने. फक्त एक रक्कम कुणाच्या नावावर मांडायची ते सर्जेरावांना उमगत नाही. रोज पाच वाजता पडदा कोरा होतो, आणि कुणाकुणाचा आजार न वाचताच पुसला जातो. आणि ऊन असो, पाऊस असो, पुलावरून शेकडो छत्र्या जातात, त्यांतल्या कितीतरी निळ्या. त्यातली कुठली बाई आपल्याला ठाऊकही नसलेलं देणं भरत चालली आहे?