कुंपणातला करंट

"थांब! हात नोको लावू, करंट हाय."

समताचा हात वीतभर अंतरावर थबकला. वाऱ्याने उडालेली तिची ओढणी कुंपणाच्या तारेवर पडली होती. पलीकडच्या गोकुळने वाळक्या बांबूने ती अलगद उचलून तिच्याकडे सरकवली.

साखरखेर्ड्याजवळचं ते शेत तिच्या वडिलांचं, जानरावांचं. शेजारच्या वामनरावांचा हरभरा रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी खाल्ला, म्हणून त्यांनी तारा ओढल्या... त्याही धुरा म्हणजे मधला बांध ओलांडून जानरावांच्या शेतात, आणि वर त्यात वीज सोडली. गोकुळ त्यांचाच मुलगा. बापाला सांगून थकलो, म्हणाला.

त्यानंतर समता वांगी तोडायला आली, की तो पलीकडे हजर.

"राखण कराले येतो का रे?"

"हाव."

"हरभरा तर तिकडं हाय."

तो नुसता हसला. तिच्या छातीत धडधडलं — तारेच्या भीतीने, की आणखी कशाने...

करंटचं तिने घरी सांगितलं होतं. जानरावांना ती वामनरावांची नुसती धमकी वाटली. एका सकाळी ते कुऱ्हाड घेऊन कुंपण तोडायला निघाले. समता अनवाणीच मागे धावली. वामनराव पलीकडे हटून उभे होते, करंट चालू असल्याचं सांगत नव्हते.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीतून गोकुळ पळत आला. "काका, आता या. बंद केला मी करंट."

"तुह्यावर कसा भरोसा ठेवू?" जानरावांनी विचारलं.

गोकुळने समताकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही मुठींनी तार धरली.

तिने डोळे गच्च मिटले. वामनरावांची किंकाळी ऐकू आली. डोळे उघडले तेव्हा गोकुळ तसाच उभा होता, आणि वामनराव मातीत बसून रडत होते. जानरावांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

शेतांची सरकारी मोजणी झाली. कुंपण मागे सरकलं, बिनविजेचं. दोन्ही बाप अजून बोलत नव्हते. पण भांडतही नव्हते. गोकुळ नवे खांब रोवत होता, तेव्हा समता जवळ गेली.

"काऊन धरली तार? फ्यूज बरोबर निघाला नसता तर..."

"तुह्या बाबाले काही झालं असतं, तर तू मह्याकडं कधी पाह्यलं नसतं. मले त्याचं जास्त भेव वाटलं."

घरी काय म्हणतील, गाव काय म्हणेल... सगळी भीती एकदम दाटून आली. तरी तिने त्याचा मातीने माखलेला हात धरला.

"मले बी भेव वाटून राह्यलं, गोकुळ," ती म्हणाली. "पण सोडू नोको."