कॅम्पातून आणलेला टब

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटणार नाही त्यानं इथंच थांबावं. पटवून देण्यासाठी ती लिहिलेली नाही.

आणि ती रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

साल १९७३, मे महिना. राहुरी तालुक्यातलं, कालव्याच्या वरच्या अंगाचं गाव. कालवा नुसता डोळ्यांनी बघायचा. त्या दुष्काळात कालवाही कोरडा, विहिरींचे तळ उघडे. प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि टँकरचा ठेका सूर्यभानकडे होता.

मनकर्णा त्याची बायको. आमची मावशी. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं.

तो टब सूर्यभाननं नगरच्या कॅम्पातल्या एका साहेबी बंगल्याच्या लिलावात घेतला. बिडाचा, आतून पांढराशुभ्र, काठ बाहेर वळलेला. खाली सिंहाचे पंजे असलेले चार पाय. न्हाणीचं दार चौकटीतून काढलं तेव्हा कुठं तो आत गेला. टेकवताना फरशी तडकली.

दिसायला देखणा होता, हे मनकर्णाही नाकारत नसे. एकदा घरात कुणी नसताना ती त्यात कोरडीच आडवी झाली. हंडे वाहून मोडलेल्या पाठीला तो गार, गुळगुळीत उतार... बरं वाटलं.

बरं वाटल्याचाच तिला संताप आला.

कारण तो टब भरायचा म्हणजे अख्ख्या आळीचं पाणी लागायचं. थंडीत ऊन पाणी ओतलं की बीड ते पिऊन टाकायचं, घटकेत गार. पुन्हा चूल, पुन्हा हंडा. पंजांच्या मधे झाडू पोचायचा नाही; तिथून विंचू निघाला. आणि एवढं करून माणूस आपल्याच मळात भिजत पडणार.

"काय गं मनकर्णा," टँकरच्या रांगेत कडूबाई म्हणायची, "मालक त्यात न्हातो का मुरतो? लोनच्यावानी?"

रांग हसायची. मनकर्णाही हसायची. कडूबाई होती म्हणून ती रांग सोसवत होती.

त्या सोमवारी टँकर आधी सूर्यभानच्या दारात थांबला. टब भरेपर्यंत गोरक्ष ड्रायव्हर ओट्यावर विडी ओढत बसला.

गावात रांग उन्हात ताटकळली. कडूबाईची म्हातारी सासू गोजरबाई घरात तहानेनं कण्हत होती. कडूबाईनं वाट पाहून पाहून वाटी घेतली आणि विहिरीत उतरली. तळाच्या झऱ्याशी वाटीनं खरवडून पाणी गोळा करायला.

कपार ढासळली.

संध्याकाळी तिला वर काढलं.

"तुमच्या न्हाण्यापायी गेली ती," मनकर्णा नवऱ्याला म्हणाली.

"विहिरीत म्या ढकललं का तिला? ज्याचं त्याचं नशीब."

दुसऱ्या दिवशी टँकर पुन्हा दारात उभा राहिला.

त्याच दुपारी मनकर्णानं पहिल्यांदा ऐकलं. न्हाणीत कुणी नव्हतं. टब काठोकाठ भरलेला. आणि आतून...

खर्र... खर्र...

वाटी दगडावर खरवडावी तसं.

तिनं डोकावलं. पाणी हलत नव्हतं. फक्त वीतभर खाली गेलं होतं.

"उंदीर असंल," सूर्यभान म्हणाला.

"पान्याखाली?"

तो कपडे काढून टबात शिरला.

मनकर्णा स्वयंपाकघरात आली. घरात एकच हंडा उरला होता, पिण्याचा. तेवढ्यात हाक आली.

"अगं, पानी आन! कमी होतंय."

"बूच बघा."

"बूच जाग्यावर हाय!"

खर्र...

"कोन करतंय हे? अगं, ओत ना!"

ती हंडा घेऊन दारापर्यंत आली. पाणी त्याच्या छातीवरून पोटावर उतरलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर... पोटावरून मांड्यांवर. फरशीवर मात्र थेंब नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटला तो राग. पायापासून डोक्यापर्यंत.

"कडूबाई असंल," ती म्हणाली. "घेऊ द्या. तिचंच हाय."

आणि तिनं तो हंडा कमरेवर घेतला, गोजरबाईच्या घरी नेला, तिच्या रांजणात ओतला. मागून हाका येत होत्या. ती वळली नाही.

परत आली तेव्हा हाका थांबल्या होत्या.

सूर्यभान कोरड्या टबात बसला होता. केस कोरडे, ओठ फुटलेले. टबाच्या तळाचा पांढरा लेप जागोजाग खरवडून काळं बीड उघडं पडलं होतं.

"पानी..." तो म्हणाला.

"घरात थेंब न्हाई. हंडा घ्या अन् रांगेत उभं ऱ्हा."

तो गेला. गावानं पाहिलं, ठेकेदार बायकांच्या मागे हंडा घेऊन उभा आहे. एरवी टोमण्यांचा पाऊस पडला असता. कुणी चकार शब्द काढला नाही.

कारण त्याच्या पुढे एका माणसाची जागा मोकळी होती.

रांग सरकली, जागाही सरकली. त्यानं पुढे व्हायला पाऊल उचललं... तसंच मागे घेतलं.

त्या मोकळ्या जागेची पाळी आली. गोरक्षनं सवयीनं पाईप खाली धरला.

पाणी पडलं. जमीन कोरडीच राहिली. हंडा भरताना येतो तसा आवाज आला. आधी खोल, मग गळ्यापर्यंत बारीक होत गेलेला. भरल्यावर थांबवतात तसा गोरक्षनं आपणहून पाईप वर केला.

मग सूर्यभाननं हंडा लावला.

पाईपातून नुसती हवा आली.

त्यानंतर टँकर त्यांच्या दारात कधी थांबला नाही. टब उकिरड्यावर गेला. सूर्यभान पुढे पुष्कळ जगला, पण पुन्हा कधी बादलीभरापेक्षा जास्त पाण्यानं न्हाला नाही.

मावशी आता नगरला मुलाकडे असते. घरात नळ आहे. तरी ती आपली बादली लगेच लावत नाही. नळ सोडते, बाजूला होते आणि थोडं पाणी जाऊ देते.

सून चिडते. "पानी वाया का घालवता, आत्याबाई?"

"वाया न्हाई जात," मावशी म्हणते. "मोरी बघ."

सुनेनं एकदा पाहिलं. नळ चालू, मोरी कोरडी.

आता तीही नळ सोडून आधी बाजूला होते.