मोकळा हात

हेडसर, पुढच्या वर्षीची परदेशी सहल माझ्याच गळ्यात घालायचं तुमच्या मनात आहे, म्हणून सांगते. एरवी मी हा विषय काढत नाही. आधी ते दार पुढे लोटून घ्या. भाची आत अभ्यास करतेय.

यंदाची सहल तशी साधीच होती. आपल्या श्रद्धेची माणसं पूर्वी जिथे राहिली ती ठिकाणं मुलींना दाखवायची, प्रार्थना करायची, फोटो काढायचे आणि परत यायचं. भाची सहलीला जाणाऱ्या वर्गातच होती, पण बहीण तिला पाठवायला तयार नव्हती.

"तुझ्या भरवशावर पाठवतेय हं, ताई."

"जशी नेते तशीच आणून देईन," मी म्हटलं. बोलून गेले.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही एका जुन्या प्रार्थनाघराखालचं भुयार बघायला गेलो. वर लख्ख ऊन होतं आणि पोरं चॉकलेटवरून भांडत होती. वाटाड्या आपल्याच भाषेतला, तिकडे स्थायिक झालेला. त्याने सांगितलं, छळाच्या दिवसांत आपली माणसं इथे लपायची. दिवा लावायची सोय नव्हती. एकमेकांचा हात धरून अंधारातून जायचं. कितीतरी जण बाहेर आलेच नाहीत.

"आजही तसंच जायचं," तो म्हणाला. "फक्त शेवटच्या माणसाने आपला मोकळा हात खिशात घालायचा."

"का हो?"

"मोकळा ठेवू नये, बाई. एवढंच."

शेवटी नेहमी आपले पीटीचे सर असतात. त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला, म्हणून ते वर बाकावरच बसले. मुलींपैकी कोणी शेवटी उभी राहीना. मग मी भाचीला उभं केलं. बाई आपल्या भाचीला सांभाळून घेतात असं कोणी म्हणायला नको, एवढाच माझा ताठा.

"मावशी, मला खिसाच नाही."

मुली खिशात गोळ्या लपवतात म्हणून गणवेशाचे खिसे मीच बंद करायला लावले होते. "मग मूठ आवळ," मी म्हटलं. "आणि इथे मावशी नाही, बाई म्हणायचं."

आत शिरल्यावर थोडा वेळ खिदळणं चाललं, मग आपोआप सगळी गप्प झाली. ओल्या मातीचा वास येत होता, आणि त्यात पेटीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या कपड्यांचा. एका वळणावर आमची रांग थांबली. मागची पावलं मात्र थोडी चालत राहिली, आणि मग थांबली.

"बाई..." अगदी मागून भाचीचा आवाज आला.

"काय गं?"

"सर... खाली आलेत का?"

"नाही."

"मग..." पुढचं न विचारता मी रांग पुढे काढली.

बाहेर आलो तेव्हा सर बाकावर बसून संत्रं सोलत होते. भाची सगळ्यात शेवटी आली. डावा हात मागे, थोडा वर उचललेला. मोठ्या माणसाने बोट धरलेल्या लहान पोरीचा असतो, तसा. ती रडत नव्हती. वाटाड्याने तिच्याकडे बघितलं आणि भुयाराच्या फाटकावरचा हात काढून घेतला.

"लावत नाही का?" मी विचारलं.

"आता लावून काय उपयोग?"

घरी आल्यावर बहिणीने आठवडाभर दम काढला. पोर नीट जेवायची, नीट बोलायची, पण दारातून जाताना बाजूला व्हायची. आधी दुसऱ्या कोणाला तरी आत जाऊ द्यायची. शेवटी बहीण तिला माझ्याकडे घेऊन आली. "जशी नेली तशी आणून देणार होतीस ना, ताई? मग दे आणून." एवढं बोलून ती गेली. तेव्हापासून पोर माझ्याकडे आहे, आणि मला रोज भीती वाटते.

काल जेवताना डावा हात तसाच, खुर्चीच्या बाजूला. बोटं पांढरी पडलेली. माझ्याने राहवेना.

"बाळा, आपण घरी आलोय. आता कसलं भ्यायचं? सोड तो हात."

तिने घास खाली ठेवला. माझी समजूत घालावी अशा आवाजात म्हणाली,

"मी तर तेव्हाच सोडलाय, मावशी."