बेटावर दोन काड्या रेंज

सुरुचीला त्या सकाळी बोट लागली नसती, तर मी आज कुठे असते कोण जाणे. बहुतेक पुण्यात, परीक्षितच्या घरी.

तीन वर्षं झाली त्या गोष्टीला. आज गुडगावात बाहेर नुसता धूर आहे, खिडक्या सकाळपासून बंद आहेत आणि घरातला एअर प्युरिफायर घूं घूं करतोय. अशा दिवशी मला ती दुपार हमखास आठवते... तो खारा वारा, ते हिरवं-निळं पाणी, आणि माझी झालेली फजिती!

आमच्या दिल्लीच्या ऑफिसचं वर्षाचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून आम्हा चाळीस जणांना मुंबईहून क्रूझवर नेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज लक्षद्वीपच्या एका छोट्या बेटासमोर थांबलं. पुढे पाणी उथळ, म्हणून छोट्या बोटींतून जायचं. एचआरचं फर्मान होतं – जोडीजोडीनेच जायचं, जोडीदाराशिवाय कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि परतीच्या बोटीतही जोडीनेच चढायचं. माझी जोडीदार सुरुची. ती केबिनमध्ये बादली जवळ घेऊन पडली होती. मी लाइफ जॅकेटच्या पट्ट्याशी झटापट करत एकटीच शिडीपाशी उभी होते.

"आपका भी पार्टनर भाग गया?"

मागे साकेत जोशी. ऑफिसमधला माझ्या डाव्या हाताचा शेजारी. त्याचा जोडीदार चिराग, म्हणजे माझ्या उजव्या हाताचा शेजारी, जहाजावरच घोरत पडला होता.

"भागा नहीं, लुढक गई है," मी म्हणाले.

तो हसला. हसला की त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. दुसऱ्या गालाला का नाही, या प्रश्नावर मी आठ महिने विचार केला होता.

"कपल इधर! कपल आगे बैठो!" खालून बोटवाला ओरडला. 'नाही' म्हणायला आम्ही दोघांनीही तोंड उघडलं... आणि दोघांनीही मिटलं. पुढची जागा चांगली होती, दुसरं काही नाही!

आता इथे मला माझी एक चूक कबूल करायला हवी. दिल्लीत जोशी म्हटलं की लोक आधी अल्मोडा-नैनितालकडचा पहाडी समजतात. साकेत ऑफिसात आला, पंधरा दिवसांत नैनितालहून तिकडच्या प्रसिद्ध बालमिठाईचा डबा घेऊन आला, आणि बॉसने त्याचं नाव 'पहाडी भाई' ठेवून टाकलं. झालं! मीही तेच धरून चालले. माझा जन्म आर. के. पुरमचा. बाबा केंद्र सरकारात, मग लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर. उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्यामुळे ऑफिसमध्ये मराठी म्हणजे माझा कुलूपबंद कप्पा. रोज एक ते दीड मी डेस्कवर डबा खात आईला फोन करायचे आणि मनातलं सगळं, अगदी सगळं, खुशाल मोठ्याने बोलायचे. नाव मात्र कुणाचं घ्यायचे नाही. नाव कुठल्याही भाषेत कळतं ना! साकेतला मी 'शेजारचा' म्हणायचे.

बेटावर उतरताना त्याने हात पुढे केला. मी धरला. पायाला वाळू लागल्यावरही सोडायला जरा उशीर झाला... निदान माझ्याकडून तरी.

वाळू पांढरीशुभ्र आणि पिठीसारखी मऊ. साकेतने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या चपला स्वतःच्या हातात घेतल्या आणि वाळूतली बारीक भोकं दाखवत चालायला लागला. एका भोकाशी त्याने बोट नेलं, तर आतून खेकड्याचं पिल्लू बाहेर येऊन तिरकं पळालं. मी किंचाळून त्याच्या मागे लपले.

"डरिए मत, वो आपसे ज़्यादा डरा हुआ है."

"पहाड़ों में ये सब कौन सिखाता है?"

तो काहीतरी बोलणार होता. नुसताच हसला. "पानी अभी उतर रहा है," तो म्हणाला, "दो बजे के बाद चढ़ेगा." मी कौतुकाने बघत राहिले. कशाकशाचं कौतुक वाटतं माणसाला अशा वेळी!

पण एक उत्तर द्यायचं राहिलं होतं. पुण्याच्या सुधाकरकाकांनी माझ्यासाठी परीक्षितचं स्थळ आणलं होतं. दोनदा व्हिडिओ कॉल झाले होते. मुलगा सज्जन, हुशार, नाव ठेवायला कुठे जागा नाही. त्यांना त्या संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. जहाजावर रेंज नव्हती, म्हणून आईने बजावलं होतं – बेटावर पोचलीस की फोन कर आणि हो की नाही ते सांगून टाक.

शोधून शोधून दुपारी तीनच्या सुमारास एका वाकड्या माडाखाली दोन काड्या रेंज मिळाली. साकेत दोन शहाळी घेऊन आला आणि समोर वाळूत बसला. मी फोन लावला.

"अगं, सुधाकरकाकांचा दोनदा फोन आला," आई म्हणाली. "काय कळवू?"

मी साकेतकडे बघून छान हसले, म्हणजे त्याला वाटावं की जेवणाखाण्याचं चाललंय.

"आई, तो समोरच बसलाय गं."

"कोण?"

"शेजारचा."

"अगंबाई! मग?"

"मग काय! आठ महिने झाले. माझ्याशी इतकं चांगलं वागतो, पण मनातलं एक अक्षर बोलत नाही. नसेलच काही मनात. मी एकटीने किती दिवस मनातले मांडे खायचे?"

"मग परीक्षितकडे होकार कळवू?"

मी डोळे मिटले. "...हो."

"थांब ना."

आवाज पुरुषाचा होता. मला क्षणभर वाटलं, बाबांनी फोन घेतला. डोळे उघडले. साकेत खाली वाळूकडे बघत होता आणि त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले होते.

"थांब ना, रसिका," तो म्हणाला. "नको होकार कळवूस."

आठ महिने 'आप' म्हणणारा माणूस एकदम 'तू'वर, आणि तेही मराठीत! फोन माझ्या हातातून वाळूत पडला.

"तुला... तुला मराठी येतं?"

"चिपळूणचा आहे मी."

"आणि ती बालमिठाई?"

"ट्रेकला गेलो होतो. येताना सगळ्यांसाठी आणली, तर दुसऱ्या दिवशी मी पहाडी झालो. बॉसला कोण दुरुस्त करणार?"

माझ्या डोळ्यांसमोरून आठ महिन्यांचे एक ते दीड सरकायला लागले. शेजारच्याचे कान सुपाएवढे आहेत. शेजारच्याने आज भोपळ्याच्या रंगाचा शर्ट घातलाय. शेजारचा मठ्ठ आहे. आणि बाबांची अँजिओप्लास्टी ठरली तेव्हा फोनवर ढसाढसा रडले होते, त्या दिवशी माझं अर्धं राहिलेलं प्रेझेंटेशन याने न सांगता पुरं केलं होतं, कॅबसुद्धा बोलावून ठेवली होती. मला वाटलं होतं, किती मनकवडा! मनकवडा कसला, कान देऊन बसला होता!

"लाज नाही वाटली?" मी उठले आणि तरातरा पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात गेल्यावर मागे चुबुक चुबुक ऐकू आलं. तो दहा पावलांवर उभा होता, हातात अजून माझ्या चपला.

"माझ्या मागे येऊ नकोस!"

"जोडीदाराशिवाय पाण्यात उतरायचं नाही," तो बिचारा म्हणाला. "नियम आहे."

हसू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. "का नाही सांगितलंस?"

"पहिल्या दिवशी वाटलं, फोन संपला की सांगू. तेवढ्यात तू म्हणालीस की शेजारचा मठ्ठ आहे. मग कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी अजून अवघड झालं. आणि नंतर..." त्याने चपला दुसऱ्या हातात घेतल्या. "नंतर मला सांगायचंच नव्हतं."

"म्हणजे?"

"मी करोल बागेत पीजीत राहतो, रसिका. दिवसभर हिंदी, मीटिंगला इंग्रजी. आठवड्यातून एकदा आईशी बोलतो, तेही ती घाईघाईत ठेवते, माझं बिल वाढेल म्हणून. तू दुपारी 'आई, आज भाजीत मीठच नाही गं' असं सुरू केलंस, की मला घरी जेवायला बसल्यासारखं वाटायचं. तुला कळलं असतं, तर तू दुसऱ्या दिवसापासून बाहेर जाऊन बोलली असतीस." त्याने पाण्याकडे बघितलं. "चूक आहे माझी. पण तेवढा अर्धा तास मला हवा होता."

पाणी हळूहळू वर चढत होतं. माझा राग मात्र उतरायला लागला होता, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

"बरं, मग शेजारचा आवडतो म्हणून मी आईला वीस वेळा सांगितलं असेल. ते ऐकूनही गप्प?"

"तुला दोन शेजारी आहेत!" तो पहिल्यांदाच चिडून बोलला. "मला वाटत होतं, मठ्ठ म्हणतेस ते मला आणि आवडतो म्हणतेस ते चिरागला!"

"चिराग?"

"आज तू 'समोर बसलाय' म्हणालीस, तेव्हा कळलं. आठ महिने मी त्या चिरागवर जळतोय!"

"चिरागचे कान तरी मोठे आहेत का रे?"

"मी मोजायला गेलो नाही!"

मी हसत सुटले. पाण्यात उभी राहून, पोट धरून. आणि हसता हसता एकदम माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"साकेत... आईने माझं 'हो' ऐकलंय!"

आम्ही दोघं माडाकडे धावलो. माझा फोन वाळूतून काढला. रेंज गायब. सव्वातीन वाजले होते, शेवटची बोट साडेतीनला. एकदा जहाजावर चढलं की मुंबई येईपर्यंत फोन बंद. तोवर आई सुधाकरकाकांना कळवणार, काका पुण्यात पेढे वाटणार, आणि तो सज्जन परीक्षित विनाकारण दुखावला जाणार. माझं सगळं आयुष्य एका 'हो'वर येऊन अडलं होतं. साकेतने स्वतःचा फोन उंच धरून बघितला. एक काडी. त्याने फोन माझ्यापुढे केला.

मी हात मागे घेतले. "तू बोल. आठ महिने फुकट ऐकलंस ना? आता बोल."

मी नंबर सांगितला, त्याने लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हेलो, कौन?" आई.

"नमस्कार काकू. मी साकेत जोशी. रसिकाच्या... शेजारचा."

पलीकडे कप बशीत ठेवल्याचा आवाज. मग हळूच, "मराठी आहेस तू?"

"हो काकू. सॉरी काकू. तुम्ही पुण्याला होकार कळवू नका, एवढीच विनंती आहे. मला रसिका फार आवडते. तिला अजून सांगितलेलं नाही... म्हणजे, तिलाही आत्ताच कळतंय."

मी त्याच्या हातातल्या माझ्या चपलांकडे बघत राहिले.

"कळवलं नाहीये मी," आई म्हणाली. "हो म्हणताना तिचा आवाज असा काही लागला, की नंबरच फिरवला नाही मी. म्हटलं, आधी चहा होऊ दे. तिचा पुन्हा फोन येईल. आणि तिचं काय म्हणणं आहे? दे बरं तिला..."

आणि ती एक काडीही गेली.

साकेत माझ्याकडे बघत राहिला. काय म्हणणं आहे, हे विचारायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. त्याने नुसत्या माझ्या चपला वाळूवर नीट जोडीने ठेवल्या, मी घालाव्यात म्हणून. किनाऱ्यावरून शिट्टी वाजली.

परतीच्या बोटीत सगळं ऑफिस कोंबलं होतं. कुणी उन्हाने लाल झालेलं, कुणी शिंपल्यांनी खिसे भरलेले. इंजिनाचा आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. साकेत माझ्याजवळ ताठ बसून होता, निकालाच्या दिवशी बसतात तसा. बेट लहान लहान होत चाललं होतं. मला वाटलं, हे असं पाणी, असं ऊन दिल्लीत कुठून आणणार? जे बोलायचं ते इथेच बोलायला हवं.

"साकेत!" मी इंजिनावर आवाज चढवून ओरडले. "मलाही तू आवडतोस! फार आवडतोस! तुझ्या कानांसकट!"

सगळी बोट वळून बघायला लागली. कुणालाही काही कळलं नव्हतं. पुढून बॉसने विचारलं, "क्या कह रही है, पहाड़ी भाई?"

"सर, वो कह रही है कि..."

त्याच्या गालाला खळी पडली होती आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. त्याने तोंड पाण्याकडे वळवलं. इतके महिने त्याने मी दुसऱ्या कुणाशी बोललेलं मराठी ऐकलं होतं. आमचं भांडण सोडलं, तर तो दिल्लीत आल्यापासून कुणी शेजारी बसून, त्याचं नाव घेऊन, त्याच्यासाठी बोललेलं हे पहिलंच वाक्य होतं.

म्हणून मी जवळ सरकले आणि पुन्हा एकदा सांगितलं. या वेळी हळू, त्याला ऐकू जाईल एवढंच.